राजदूताचे आडनाव

चूक त्येमोको कोनातेची होती, आणि ती त्याने भर दुपारी, अंगणभर माणसांच्या देखत, मोठ्या आनंदाने केली होती.

उत्तरेकडच्या एका गार देशाचे नवे राजदूत अर्विद होल्म त्या दिवशी न्यायमंत्र्यांच्या घरी पहिल्यांदा जेवायला आले होते. उंच, हडकुळे गृहस्थ, उन्हाने कानांचे शेंडे लाल झालेले. आता तिथली रीत अशी: पाहुणा आला की आधी त्याचे आडनाव विचारायचे, मग त्या आडनावाचे गुणगान करायचे, मग तब्येत, मग बायकामुले, आणि काम असलेच तर शेवटी काम. होल्म हे आडनाव कुणालाच कुठे बसवता येईना. मंत्र्यांचा भाट वाद्याच्या तारा जुळवून तयार होता, पण स्तुती कुणाची करावी हे न कळून तो नुसताच उभा राहिला. सगळे अंगण अवघडले. तेव्हा राजदूतावासाचा दुभाषी म्हणून मागच्या चटईवर बसलेला त्येमोको उठला, घसा खाकरला आणि म्हणाला, "आमच्या साहेबांचं आडनाव त्रावरे."

मंत्र्यांचेही आडनाव त्रावरेच. अंगणात टाळ्यांचा कडकडाट झाला. मंत्र्यांनी राजदूतांना मिठी मारली. भाटाला उधाण आले. त्याने होल्मसाहेबांच्या पूर्वजांना घोड्यांवर बसवले, जोलिबा नदीच्या पलीकडे नेले, तीन राजांशी लढवले आणि सुखरूप परत आणले. साहेब हसत मान डोलवत राहिले.

त्येमोको स्वतःवर फार खूश झाला. दुभाषी होण्याआधी उभा जन्म त्याने शाळेत इतिहास शिकवण्यात घालवला होता. पुस्तकांतली माणसे त्याला जवळची होती. चारचौघांत मात्र त्याचा आवाज घशातच अडकायचा. त्या दिवशी तो नेमक्या वेळी निघाला होता.

परतीच्या वाटेवर, साहेबांना बंगल्यावर सोडल्यानंतर, ड्रायव्हर न्गोलो कुलिबाली आरशातून त्याच्याकडे बघत म्हणाला, "मास्तर, काय केलंस रे हे?"

"काय केलं? साहेबांना मंत्र्याच्या घराचं दार उघडून दिलं."

"दार उघडलंस, आत ढकललंस आणि बाहेरून कडी घातलीस. मंत्री झाला थोरला भाऊ, आपला साहेब धाकटा. उद्या भांडायची वेळ आली तर धाकटा थोरल्यावर आवाज चढवणार?"

"चवळीखाऊ, तू समोर बघून गाडी चालव."

"चवळी खातो, पण विचार करून खातो. तुमच्यासारखं नाही, आधी बोलायचं आणि मग रात्रभर कूस बदलायची."

यात रागवण्यासारखे काही नव्हते. कोनाते आणि कुलिबाली हे थट्टेचे सोयरे. पिढ्यान्‌पिढ्या एकमेकांना चवळीखाऊ म्हणायचे, माझा गुलाम म्हणायचे, दुसऱ्याच्या ताटातला मटणाचा तुकडा खुशाल उचलायचा. जो रागावला त्याचीच शोभा. आणि थट्टेच्या सोयऱ्याने लोकांसमोर काही मागितले तर नाही म्हणता येत नाही. त्येमोकोने त्या वर्षात न्गोलोपायी दोन टोप्या आणि एक छत्री अशीच गमावली होती.

भांडायची वेळ फार लवकर आली.

लष्करातल्या चार कॅप्टनांनी सरकार उलथून टाकायचा बेत केला होता. बेत शिजला लष्कराच्या भोजनगृहात, शेंगदाण्याच्या रश्श्यात भात कालवता कालवता. तो फुटला तेव्हा चौघेही सरहद्द ओलांडून पळाले. सापडला तो एकटा स्वयंपाकी, सिबिरी सामाके. कारण मोठी पातेली घासायची राहिली होती आणि तशीच टाकून जाणे त्याच्या जिवावर आले. कटवाल्यांना ज्याने जेवू घातले तो कटातलाच, असे न्यायालयाने ठरवले आणि त्याला गोळ्या घालायची शिक्षा सुनावली. त्या देशात कित्येक वर्षांत कुणाला गोळ्या घातल्या नव्हत्या. पण चार मोठे मासे निसटल्यावर सरकारला काहीतरी करून दाखवायचे होते, आणि हाताशी एवढा एकच होता.

हा सिबिरी त्येमोकोचा विद्यार्थी. इतिहासाच्या तासाला मागच्या बाकावर बसून भाजलेले शेंगदाणे वाटणारा. त्येमोकोने त्याला अनेकदा वर्गाबाहेर काढले होते, आणि बाहेर काढताना मूठभर शेंगदाणे जप्त करून नंतर खाल्लेही होते.

उत्तरेकडच्या गार देशांच्या राजधान्या खडबडून जाग्या झाल्या. माणूस मारण्याचा अधिकार कुठल्याच सरकारला नाही, हे आपल्या दूतांनी तिथल्या सरकारला ठणकावून सांगावे, असे आदेश आले. त्यावर न्यायमंत्री रेडिओवर कडाडले, "न्याय कसा करायचा हे बर्फातल्या माणसांनी आम्हाला शिकवू नये!" चहाच्या टपऱ्यांवर लोकांनी मांड्या थोपटल्या. त्येमोकोने मात्र रेडिओ बंद केला. हे वाक्य बोलून मंत्र्यांनी आपला मागे फिरायचा रस्ता बुजवला, हे त्याला कळले. आता त्यांना वाटले तरी ते मागे फिरू शकत नव्हते.

राजदूत तीन पानी कागद घेऊन मंत्र्यांच्या घरी गेले. मंत्र्यांचे फ्रेंच राजदूतांहून चांगले होते, पण त्यांनी पहिल्याच वाक्याला हात वर केला. घरात भावाभावांनी परक्या भाषेत बोलायचे नाही. मग सगळे त्येमोकोच्या तोंडून सुरू झाले.

"माझ्या सरकारच्या वतीने मी अत्यंत तीव्र चिंता..."

"धाकट्या, जेवलास का?"

"जेवलो. चिंता अशी, की..."

"काय जेवलास?"

राजदूतांनी गोंधळून त्येमोकोकडे पाहिले. "सँडविच."

मंत्र्यांनी आतल्या दाराकडे तोंड केले. "ऐकलंत का गं? माझा धाकटा भाऊ माझ्या घरी यायचं म्हणून पाव खाऊन आलाय! गावात कुणाला सांगू नका."

आतून भाताचे घमेले आले. क्षणात राजदूतांचा उजवा हात मनगटापर्यंत रश्श्यात गेला आणि कागद बाजूला ठेवावा लागला. मंत्र्यांनीच तो डाव्या हाताने उचलून पाहिला.

"हे काय? भावाभावांत कागद? घरातला तंटा आपण आईपुढे ठेवतो."

मंत्र्यांच्या वृद्ध आईने कागद कपाळाला लावला आणि उशीखाली सरकवला. तिला वाचता येत नव्हते, पण शिक्का तिला आवडला.

त्यानंतर राजदूत पिचत गेले. बकरी ईदला मंत्र्यांच्या बोकडाचे मागचे पाय त्यांनी धरले. मंत्र्यांच्या कुणा चुलत्याच्या मयताला दिवसभर दाराशी बसून आल्यागेल्याचे सांत्वन स्वीकारले. विषय काढला की मंत्री म्हणत, "मयताच्या घरी मरणाच्या गोष्टी काढू नयेत." शेवटी सात देशांचे राजदूत मिळून एकत्र निषेध नोंदवायला गेले. मंत्र्यांनी सगळ्यांचे हसून स्वागत केले. "तुम्ही माझ्या धाकट्याचे मित्र ना? मग बसा. धाकट्या, चहा कर."

चहा करणे धाकट्याचेच काम. कोळशावर किटली, उंचावरून ओतणे, तीन फेऱ्या. पहिली कडू, शेवटची गोड. होल्मसाहेबांना हे सगळे नवे असल्यामुळे प्रत्येक फेरीला तासभर लागला. तिसरी फेरी आली तेव्हा निषेध वाचायला उजेड राहिला नव्हता आणि वाचणारे राजदूत भिंतीला टेकून घोरत होते. दुसऱ्या दिवशी उरलेल्या सहा राजधान्यांतून एकच विचारणा झाली: हा होल्म नक्की कुणाच्या बाजूचा?

आणि रेडिओवर जाहीर झाले की राष्ट्रदिनाच्या आधी शिक्षेची अंमलबजावणी होईल.

त्येमोको तुरुंगात गेला. सिबिरी मुदपाकखान्यात कांदे चिरत होता. तो तिथे आल्यापासून शिपायांच्या पट्ट्यांना नवी भोके पाडावी लागली होती.

"मास्तर, एक अडचण झालीय," सिबिरी म्हणाला. "जेलर विचारतो, गोळ्या झाडणारी सहा माणसं आदल्या दिवशी मुक्कामाला येणार, त्यांचं जेवण कोण करणार?"

त्येमोकोने विचारले, "तू काय म्हणालास?"

"म्हटलं, बघू. सहा माणसं म्हणजे काही जास्त नाहीत." सुरी चालत राहिली, मग थांबली. "मास्तर, तुमचा साहेब मोठा माणूस आहे ना? तो मंत्र्याला दरडावून सांगेल ना?"

त्येमोकोने डोळे पुसले, आणि कांद्याचे निमित्त असल्याबद्दल त्याला बरे वाटले.

तिथून तो तडक भाटाकडे गेला. दिलेले आडनाव परत घेता येईल का, एवढेच त्याला विचारायचे होते.

भाट वाद्याला तेल लावत होता. "मास्तर, आडनाव म्हणजे काय सदरा आहे? मी त्या माणसाचे पूर्वज नदी ओलांडून आणले. आता त्यांना सांगू, पत्ता चुकला, परत जा?"

"पण माझ्या चुकीनं एक पोरगं मरतंय हो."

भाटाने तेलाचा हात पुसला. "ते खरं. पण तुमचा साहेब जन्मभर त्रावरेच राहणार."

त्याच आठवड्यात राजदूतांच्या पत्नी ब्रिताबाई आल्या. तीस वर्षे त्यांनी शाळेच्या मुलांना पोहायला शिकवले होते. तलावाच्या एका काठावरून दुसऱ्या काठावरच्या मुलाला दटावायचे, त्यामुळे त्यांना हळू बोलणे ठाऊकच नव्हते. पहिल्याच दिवशी त्या न्गोलोला घेऊन बाजारात गेल्या. कापडवाल्या न्यामा जाराशी त्यांनी एका निळ्या कापडावरून असे काही भांडण केले, की दोघींना एकमेकींची भाषा येत नसूनही आजूबाजूची दुकाने थांबून ऐकू लागली. शेवटी न्यामाने कापड अर्ध्या भावात दिले, बाईंच्या डोक्याला गुंडाळले आणि बाजाराला ओरडून सांगितले, "आजपासून ही माझी बहीण! जारा आहे ही, जारा!"

न्गोलो राजदूतावासात परतला तो हसत हसतच. फाटकाशी गाडी थांबवून त्याने त्येमोकोला बाहेर बोलावले आणि स्टिअरिंगच्या चाकावर डोके टेकून पुन्हा हसला.

"काय झालं? बाईसाहेब कुठे पडल्या का?"

"मास्तर, बाईसाहेब जारा झाल्या!"

त्येमोको फाटकाला धरून उभा राहिला. लग्न झाले तरी बाईचे आडनाव तिच्या माहेरचेच. साहेब त्रावरे तर त्रावरे, बाई जारा. आणि जारा म्हणजे त्रावऱ्यांचे थट्टेचे सोयरे. जे धाकट्या भावाला तीन पानांत सांगता आले नाही, ते ही बाई मंत्र्यांच्या खुर्चीत बसून मागू शकत होती.

त्याने धीर करून ते साहेबांना सांगितले. साहेबांनी शांतपणे ऐकून घेतले. ते वाईट गृहस्थ नव्हते. सिबिरीचा फोटो त्यांनी टेबलाच्या काचेखाली ठेवला होता.

"म्हणजे मी माझ्या बायकोला पाठवायचं, तिनं देशाच्या न्यायमंत्र्याला चवळीखाऊ म्हणायचं, आणि बक्षीस म्हणून एक माणूस मागून आणायचा?"

"होय, साहेब."

"आणि उद्या दुसऱ्याला शिक्षा झाली तर? त्याच्यासाठी कुणाची बायको आणायची? सरकारनं माणसं मारू नयेत, हे तत्त्व आहे, कोनाते. तत्त्व थट्टेत मागायचं नसतं. मागितलं की ते तत्त्व राहत नाही."

"बरोबर आहे, साहेब," त्येमोको म्हणाला. खरेच बरोबर होते. मग सिबिरीचे काय, हे न विचारताच तो खोलीबाहेर आला.

बाहेर ब्रिताबाई उभ्या होत्या. दार उघडेच होते. त्यांनी त्याला बाजूला घेतले आणि त्यांच्या मते कुजबुजून, म्हणजे माळ्याला ऐकू जाईल एवढ्याच आवाजात विचारले, "चवळीखाऊ कसं म्हणायचं?"

मंत्र्यांना नातू झाला होता. बारशाला सारे शहर लोटले. मौलवींनी बाळाच्या कानात नाव सांगितले आणि जेवणाची पाने मांडायची तयारी सुरू झाली, तोच फाटकाशी गलका उठला. न्यामा कापडवाली आणि दहाबारा जारा बायका पातेली बडवत आत घुसल्या. सर्वांत पुढे निळे फडके बांधलेल्या ब्रिताबाई. त्या सरळ मंत्र्यांपुढे गेल्या आणि न्गोलोने गाडीत घोकून घेतलेली वाक्ये तलावावरच्या आवाजात म्हणाल्या:

"ऊठ! खुर्ची माझी! घर माझं! तू माझा गुलाम! चवळीखाऊ!"

उच्चार ऐकून माणसे लोळू लागली. मंत्री चटकन उठले. बाई खुर्चीत बसल्या. शेजारच्या खुर्चीवर धाकटा भाऊ म्हणून बसलेल्या राजदूतांनी डोळे मिटून घेतले.

"या अल्ला!" मंत्र्यांनी कपाळावर हात मारला. "आता जारा बर्फातूनसुद्धा उगवायला लागले! का गं, तिकडं चवळी पिकत नाही म्हणून माझ्या दारात आलीस?"

"तिच्याहून जास्त तूच खातोस!" न्यामा मागून ओरडली. "तुझं पोट बघ, पोतं ठेवलंय पोतं!"

"मंत्र्याच्या पोटाला नावं ठेवतेस? तुरुंगात घालीन."

"घाल. तिथं जेवण चांगलं असतं म्हणे!"

हसण्याच्या लाटेवर लाट आली. मंत्र्यांनी पाहुण्याला मानाने द्यायची कडवट कोला-फळे पुढे केली. बाईंनी मान हलवली. कापडाचा तागा आला, नको. कुणीतरी पाय बांधलेली ठिपक्यांची कोंबडी आणली; बाईंनी तीही परत लोटली.

"मग हवं तरी काय तुला, जारांच्या लेकी?"

बाईंची पाठ केलेली वाक्ये संपली होती. त्या त्येमोकोकडे वळल्या आणि आपल्या भाषेत म्हणाल्या, "याला सांगा, माझ्या घरी स्वयंपाकी नाही. माझा स्वयंपाकी यानं कोंडून ठेवलाय. सिबिरी सामाके. तो मला हवाय."

राजदूतांनी डोळे उघडले. "कोनाते," ते हलकेच म्हणाले, "याचं भाषांतर करू नका."

त्येमोकोने साहेबांकडे पाहिले. ते त्याचे वरिष्ठ होते, आणि त्यांचे म्हणणे चुकीचे नव्हते. बाईंना कापडच हवेय, पण हिरवे, असे सांगून मोकळे होता आले असते. कुणालाच कळले नसते. सगळे अंगण त्याच्या तोंडाकडे बघत होते. त्याने वाक्य उच्चारले.

"ऐकू नाही आलं, मास्तर!" मागच्या रांगेतून न्गोलो ओरडला. "कोनात्यांना गिळायचंच माहीत, बोलायचं नाही!"

"बाई म्हणतात," त्येमोको असा ओरडला की कोंबडी फडफडली, "माझा स्वयंपाकी सिबिरी सामाके तू कोंडून ठेवलायस! तो मला दे!"

हसू विझले. पातेली बडवणे थांबले. मंत्र्यांचा चेहरा दगडासारखा झाला. त्यांनी त्येमोकोकडे पाहिले, मग खुर्चीतल्या बाईंकडे, मग जमलेल्या लोकांकडे, एकेका रांगेवरून नजर फिरवत. तेवढ्यात भाटाने एक तार छेडली.

"त्रावरे! तुझ्या बापानं जाराला नाही म्हटलं होतं का? तुझ्या आजानं म्हटलं होतं का?"

मंत्र्यांनी एक लांब श्वास सोडला. फक्त जवळ उभ्या असलेल्या त्येमोकोलाच तो ऐकू गेला. ओझे उतरवणाऱ्या हमालाचा श्वास असतो तसा होता. मग ते दोन्ही हात वर करून गरजले, "बघा! बघा लोकहो या जारांचा हावरेपणा! फळं नकोत, कापड नको, कोंबडी नको, आख्खा माणूस पाहिजे! घेऊन जा! पण त्याचं जेवून पोट फुटलं तर औषधाला माझ्या दारात यायचं नाही!"

अंगण नुसते उसळले. न्यामाने बाईंना उचलायचा प्रयत्न केला. त्या गोंधळात मंत्री राजदूतांच्या कानाशी वाकले आणि अस्खलित फ्रेंचमध्ये म्हणाले, "आपल्या सरकारला कळवा, आम्ही कुठल्याही परकीय दबावापुढे झुकलेलो नाही. आणि धाकट्या, तुझा कागद आईच्या उशीखालून घेऊन जा. तिची मान अवघडते."

त्यांच्या शिफारशीवर राष्ट्राध्यक्षांची सही झाली. सातही राजदूतावासांनी आपापल्या राजधानीला कळवले की हे आपल्याच प्रयत्नांचे फळ. होल्मसाहेबांनी मात्र काहीच न कळवता त्येमोकोला बोलावून घेतले.

"तुम्ही माझा हुकूम मोडलात, कोनाते."

"होय, साहेब."

"आणि कायदा अजून तसाच आहे. पुढच्या माणसाचं काय?"

साहेबांनी सुस्कारा टाकून कोरा कागद पुढे ओढला. "बसा. पुन्हा पहिल्यापासून लिहू. या वेळी दोन पानांत."

सिबिरीला आणायला त्येमोको आणि न्गोलो गेले. शिपायांनी त्याला रडत रडत निरोप दिला. गाडीत बसल्यावर त्याने विचारले की साहेबांनी असे काय दरडावले. त्येमोकोने सगळे सांगितले.

सिबिरीचा चेहरा पडला. "म्हणजे मला बारशात मागून घेतलं? पातेली बडवून?"

"पुढ्यात आलेली कोंबडी नाकारून," न्गोलो म्हणाला. "तो मान तरी ठेव."

पूल आला, गेला.

"मास्तर, कोंबडी केवढी होती?"

त्येमोकोने दोन्ही हातांनी माप दाखवले. सिबिरीने वाकून, एक डोळा बारीक करून, त्या दोन तळहातांमधली जागा निरखली.

"पिसं काढली की चौघांना पुरली असती," तो म्हणाला आणि त्याने तोंड खिडकीकडे वळवले. त्याचे खांदे हलू लागले. तो हसत होता की रडत होता ते त्येमोकोला मागून कळेना. न्गोलोने आरसा वर फिरवला आणि गाडी हळू केली.